मित्राच्या नावानं मुलांना कोर्टवर आणायचं असेल तर

टेनिसवेडा मित्र गेला की तेराव्यानंतर ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, 'त्याच्या नावानं काहीतरी करूया.' पाठोपाठ पहिली सूचना येते ती करंडकाची. एक रविवार, बॅनर, पाहुणे, बक्षीस समारंभ. पहिल्या वर्षी सगळे येतात, दुसऱ्या वर्षी निम्मे, आणि तिसऱ्या वर्षी तारीखच जुळत नाही. शिवाय त्या करंडकासाठी खेळतात ती मुलं बहुतेक आधीच खेळत असतात. त्यांच्याकडे रॅकेट असते, कोच असतो, सोडायला-आणायला गाडी असते.

आमचा मित्र गेल्यावर आम्ही ठरवलं की त्याच्या गावात, म्हणजे पुण्यात, ज्या मुलांच्या हातात एरवी रॅकेट आलीच नसती त्यांना आठवड्यातून दोन दिवस टेनिस खेळायला मिळेल एवढं करायचं. दहा-पंधरा नोकरदार मित्रांना हे झेपतं. तुमच्या मनात असं काही असेल आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्हाला स्वतःला टेनिस येत नसलं तरी अडत नाही.

पुण्याला टेनिस नवं नाही. डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. बालेवाडीला २०१७ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस चषकाची लढत झाली, आणि २०१८ ते २०२३ या काळात तिथेच टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी, म्हणजे पुरुषांची व्यावसायिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत होती. अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात राहून घडली. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले आपल्याच राज्याची. एवढं असूनही पर्वती पायथ्याच्या किंवा येरवड्याच्या महापालिका शाळेतल्या मुलाला टेनिसचं कोर्ट दिसतं ते कुंपणाच्या जाळीतून. आपल्याला काम करायचंय ते त्या जाळीपाशी.

आधी घरच्यांशी बोला

हे पहिलं, आणि यात घाई नको. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत घरचे कशालाही 'हो' म्हणतात किंवा कशालाही 'नको' म्हणतात. वर्षश्राद्धाच्या आसपास विषय काढला तर बोलणं नीट होतं. जाताना योजना तयार करून जाऊ नका, दोन-तीन प्रश्न घेऊन जा. त्याचं नाव वापरलेलं चालेल का? पूर्ण नाव की घरचं? फोटो लावावा का? पैशाचा भार घरच्यांवर पडणार नाही, हे न विचारता आपणच सांगून टाकायचं.

आम्ही गेलो तेव्हा काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, माळ्यावरून त्याची जुनी लाकडी रॅकेट काढून दाखवली. लाकूड वाकू नये म्हणून चार कोपऱ्यांना स्क्रू असलेल्या चौकटीत ती अजून आवळून ठेवलेली होती. मग म्हणाल्या, "पाटी वगैरे नको गं. शाळेचे बूट घालून खेळायचा तो, पाय सोलून यायचे. पोरांना बूट घ्या." आमच्या अर्ध्या योजनेची दिशा त्या वाक्यानं ठरली. तुम्हालाही असं काही ऐकायला मिळेल, म्हणून कमी बोला आणि जास्त ऐका.

मुलं कोणती ते ठरवा

'सगळ्यांसाठी' म्हणून सुरू केलेला उपक्रम शेवटी त्यांच्याच हाती जातो ज्यांचे आईवडील आधी फोन करतात. म्हणून गट नेमका ठरवा: एक शाळा, एक इयत्ता किंवा दोन, सोळा मुलं. निम्म्या मुली हव्यात हे सुरुवातीलाच लिहून ठेवा, नाहीतर यादीत चारच मुली दिसतील. वय आठ ते दहा सगळ्यात सोयीचं. क्लबमधल्या मार्करची, म्हणजे सभासदांबरोबर खेळायला नेमलेल्या माणसाची, आणि माळ्याची मुलं आवर्जून घ्या. आपल्याकडे किती सभासदांचं टेनिस या मार्करमंडळींनी घडवलंय, आणि त्यांच्या मुलांना मात्र चेंडू वेचण्यापलीकडे फारसं काही मिळत नाही.

शाळा निवडताना मुख्याध्यापकांपेक्षाही खेळाच्या शिक्षकांचा उत्साह बघा. ते सोबत असतील तर हजेरी टिकते.

कोर्ट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बहुतेक लोकांचा उपक्रम इथेच अडतो.

कोर्ट मुलाच्या घराजवळ किंवा शाळेजवळ हवं. बालेवाडीची कोर्टं उत्तम आहेत, पण सहकारनगरच्या मुलानं दोन बस बदलून तिथे जायचं म्हटलं तर तिसऱ्या आठवड्यात तो येणार नाही. चालत किंवा एका बसनं पोचता येईल एवढ्याच परिघात शोधा.

पुण्यातली बहुतेक कोर्टं सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर भरलेली असतात. दुपारी तीन ते पाच मात्र ती रिकामी पडून असतात. हीच आपली वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या वेळेला ऊन सोसतं. बाणेर, खराडी, हडपसर भागातल्या मोठ्या सोसायट्यांची कोर्टंही दुपारी मोकळी असतात. तिथे क्लबपेक्षा परवानगी लवकर मिळू शकते, मात्र आधी समितीतल्या एखाद्या खेळणाऱ्या सभासदाशी बोला, तो तुमची बाजू मांडेल. महापालिकेची काही क्रीडासंकुलं ठेकेदार चालवतात. तिथे ठेकेदाराशी बोलणं झालं तरी लेखी परवानगी क्षेत्रीय कार्यालयाकडून आहे की नाही ते बघा.

क्लबला पत्र द्यायचं तर छोटं आणि नेमकं असू द्या. आमचा मसुदा साधारण असा होता:

'मा. सचिव यांस, आमचे मित्र कै. (नाव) यांनी याच शहरात टेनिसचे धडे गिरवले. त्यांच्या स्मरणार्थ जवळच्या शाळेतील १६ मुलामुलींना टेनिस शिकवण्याचा उपक्रम आम्ही सुरू करीत आहोत. त्यासाठी ऑक्टोबर ते मे या काळात मंगळवारी व गुरुवारी दुपारी ३.३० ते ५ या वेळेत एक कोर्ट मिळावे, ही विनंती. कोर्टाचे भाडे आम्ही दरमहा आगाऊ भरू. प्रशिक्षक, मुलांची ने-आण व देखरेख यांची जबाबदारी आमची राहील. सभासदांना कोर्ट हवे असल्यास दोन दिवस आधी कळवावे, आम्ही वेळ बदलून घेऊ.'

शेवटची दोन वाक्यं समितीच्या बैठकीत उपयोगी पडतात. भाडं माफ करा असं पहिल्याच पत्रात मागू नका. वर्षभर भाडं वेळेवर भरा, मुलं नीट वागली की पुढची सवलत मागायला तोंड राहतं.

आणि कोर्ट मिळालंच नाही तरी थांबायची गरज नाही. लहान मुलांना पूर्ण कोर्ट लागतच नाही. एकेरीचं पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असतं, जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच. आठ वर्षांच्या मुलाला त्यात उभं केलं की त्याचा वेळ चेंडूमागे धावण्यातच जातो. लाल चेंडूचं, म्हणजे लहान मुलांसाठीच्या संथ चेंडूचं, छोटं कोर्ट साधारण ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद, जाळी ८० सेंटिमीटर. एवढी जागा शाळेच्या पटांगणात किंवा बॅडमिंटनच्या कोर्टवर सहज निघते. फक्कीनं रेषा मारा, दोन खांबांना दोरी बांधा, दोरीवर जुनी ओढणी टाका म्हणजे जाळी दिसते. पूर्ण कोर्ट मिळालं असेल तर आणखी सोपं: दुहेरीच्या कोर्टची रुंदी १०.९७ मीटर असते, म्हणजे तेवढीच छोट्या कोर्टाची लांबी. आडवी मांडली की एका मोठ्या कोर्टवर चार छोटी कोर्टं बसतात आणि सोळाच्या सोळा मुलं एकाच वेळी खेळतात. रांगेत उभं राहणारं मूल दहा मिनिटांत कंटाळतं, हे कोणत्याही कोचला विचारा.

क्ले, म्हणजे मातीचं कोर्ट असेल तर पाणी मारणं, रोलर फिरवणं, रेषा आखणं हे सगळं करणारा माणूस दुपारी झोपेच्या वेळी तुमच्यासाठी उठतो. त्याला दरमहा वेगळे पैसे द्या, आणि खेळ संपल्यावर कोर्टवर ओढायची जाळी मुलांकडून ओढून घ्या.

चेंडू, रॅकेट, बूट

चेंडू लाल रंगाचेच घ्या. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के. लाल चेंडू मुलाच्या कमरेएवढाच उडतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चार-पाच फटके सलग होतात आणि मुलाचा चेहरा खुलतो. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियम २०१२ पासून आहे. सभासदांचे वापरलेले पिवळे चेंडू तुम्हाला पोत्यानं मिळतील. ते घ्या, पण टप्पा मारणं, झेलणं, टोपलीत टाकणं अशा खेळांसाठी.

रॅकेट मागितल्या की घराघरांतून येतात, आणि बहुतेक २७ इंची, मोठ्यांच्या असतात. आठ वर्षांच्या मुलाला २१ ते २३ इंची हवी, नऊ-दहाला २५. मोठी रॅकेट दिली की मूल ती दांड्याच्या मधोमध धरतं आणि तीच सवय जडते. आलेली प्रत्येक रॅकेट उजेडात धरून बघा: मान जिथे फ्रेमला मिळते तिथे केसाएवढी जरी चीर असेल तर ती बाजूला काढा. बाकीच्यांचं गटिंग करून घ्या, म्हणजे तारा नव्यानं विणून घ्या, ग्रिप बदला. मोठ्या रॅकेट विकून लहान घेता आल्या तर उत्तम. दुकानदार मोबदल्यात चेंडू द्यायलाही तयार होतात.

बुटांबद्दल मी हट्टानं सांगते. पहिल्या दिवशी मुलं चपला, सँडल किंवा शाळेचे काळे बूट घालून येतात. क्लेवर ते घसरतात आणि घोटा मुरगळतो, तर सिंथेटिक कोर्टवर काळे डाग पडतात आणि क्लबची तक्रार येते. रनिंगचे जाड टाचेचे बूटही नकोत, बाजूला वळताना पाय मुडपतो. सपाट तळ, डाग न पाडणारा सोल, अर्धा नंबर मोठा. माप घ्यायला मुलांना दुकानात न्या किंवा वहीच्या कागदावर पाऊल आखून घ्या. आईवडिलांना फोनवर नंबर विचारला तर बरेचदा शाळेच्या बुटांचा मागच्या वर्षीचा नंबर कळतो. बूट शाळेत जमा ठेवायचे की घरी द्यायचे यावर आमच्यात वाद झाला होता. आम्ही घरी दिले. मुलगा त्याच बुटांनी गल्लीत क्रिकेट खेळला तर खेळू दे, ते त्याचे बूट आहेत.

कोच आणि सुरक्षितता

कोच प्रमाणपत्र असलेला हवाच, पण मोठ्या खेळाडूंना घडवणाऱ्याच्या मागे लागू नका. लहान मुलांशी जमिनीवर बसून बोलणारा माणूस हवा. त्याला ठरलेलं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. 'मित्राच्या आठवणीत फुकट करतो' असं म्हणणारा कोच मनाचा मोठा असतो, पण दोन महिन्यांत त्याला पैसे देणारी बॅच मिळते आणि आपली मुलं ताटकळतात.

प्रत्येक सत्राला कोचशिवाय आणखी एक मोठा माणूस कोर्टवर हजर पाहिजे, आणि मुली असतील तर त्या दोघांतली एक बाई. पालकांची लेखी संमती, मुलाचा रक्तगट, दोन फोन नंबर, मुलाला न्यायला कोण येणार त्याचं नाव, हे सगळं एका वहीत. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. पाण्याचा मोठा जार, प्रथमोपचाराची पेटी आणि सत्रानंतर केळं किंवा चिक्की. शाळेतून थेट येणारी मुलं भुकेली असतात.

पैसे

आकडे मांडल्याशिवाय बोलणी करू नका. उदाहरणादाखल धरा: आठवड्याला दोन सत्रं, परीक्षा आणि सुट्ट्या वगळून वर्षाला ५० सत्रं. कोचचे सत्राला ८०० म्हणजे ४०,००० रुपये. कोर्टचे सत्राला ३०० म्हणजे १५,०००. सोळा जोड बूट प्रत्येकी ९०० म्हणजे १४,४००. चेंडू, गटिंग, खाऊ, कोर्ट सांभाळणाऱ्याचे पैसे मिळून १५,०००. बेरीज ८४,४००. तुमच्या भागातले दर घालून हाच हिशोब पुन्हा करा.

बहुतेकांच्या मनात येतं की एक मोठी रक्कम जमवू आणि व्याजावर चालवू. पाच लाखांची ठेव आणि साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३२,५०० मिळतात, म्हणजे वरच्या खर्चाचे निम्मेही नाहीत. त्यापेक्षा पंधरा मित्रांनी महिना ५०० रुपये दिले तर वर्षाला ९०,००० होतात आणि कुणालाच जड जात नाही. मला हाच मार्ग बरा वाटतो. दर महिन्याला पैसे जातात तेव्हा दर महिन्याला त्याची आठवणही निघते.

पैसे एकाच्या खासगी खात्यात घेऊ नका, भले तो कितीही विश्वासू असो. आपापसातल्या मित्रांपुरतं असेल तर दोघांच्या सहीचं वेगळं खातं आणि ग्रुपवर दरमहा हिशोब पुरतो. बाहेरच्या लोकांकडून वर्गणी मागायची झाली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळात काम केलेला एखादा मित्र असेलच, त्याला या कलमाची माहिती असते. स्वतःचा ट्रस्ट काढण्याची घाई करू नका. दरवर्षीचं ऑडिट, विवरणपत्रं, बदल अर्ज हे सगळं मागे लागतं. मुलांसाठी काम करणारी एखादी नोंदणीकृत संस्था शोधा आणि तिच्याकडे या उपक्रमासाठी वेगळी खातेवही ठेवायची लेखी विनंती करा. संस्थेला ८० जी, म्हणजे देणगीवर प्राप्तिकर सवलतीची मान्यता असेल तर देणाऱ्यांना जुन्या करपद्धतीत सवलत मिळते, मात्र दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही.

पुण्याच्या कुठल्याही ग्रुपमधले निम्मे मित्र अमेरिकेत असतात, म्हणून हे नीट समजून घ्या. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी त्याची देणगी परदेशी धरतात, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. त्यानं सुट्टीत पुण्याला आल्यावर दोन दुपार मुलांबरोबर खेळावं. मुलांना त्याचाही आनंद होतो.

नाव आणि वर्षातला एक दिवस

नाव लहान ठेवा. मुलांच्या टी-शर्टवर बाहीला त्याचं नाव पुरे. कोर्टला किंवा बाकाला नाव द्यायचं तर क्लबच्या समितीचा ठराव लागतो. महापालिकेची जागा असेल तर विषय नाव समितीपुढे जातो आणि वेळ लागतो. त्यासाठी उपक्रम अडवून ठेवू नका.

वर्षातला एक दिवस मात्र जरूर करा, आणि तो पुण्यतिथीला न करता त्याच्या वाढदिवसाला करा. फक्त दुहेरी. चिठ्ठ्या टाकून एक मूल आणि एक मोठा अशा जोड्या, चार गेमचे छोटे सेट, ड्यूसला (४०-४० अशी बरोबरी झाली की) एकच निर्णायक गुण म्हणजे सामने वेळेत संपतात. घरच्यांना बोलवा, पण त्यांना भाषण करायला लावू नका. त्याच्याबद्दल एखाद्या मित्रानं पाच मिनिटं मुलांना सांगावं: तो कसा खेळायचा, कुठला फटका त्याला कधीच जमला नाही, हरल्यावर काय करायचा. मुलं हे फार लक्ष देऊन ऐकतात आणि नंतर नेमके प्रश्न विचारतात.

मानांकनाची स्पर्धाच भरवायची असेल तर ती स्वतःच्या बळावर करू नका. पुणे मेट्रोपॉलिटन जिल्हा टेनिस संघटना किंवा राज्य संघटना यांच्याकडे जा. पंच, ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता) आणि नियम त्यांच्याकडे असतात, तुम्ही नाव आणि खर्च द्या.

एखादं मूल पुढे निघालं तर

सोळांत एखादी मुलगी अशी निघते की कोच तुम्हाला बाजूला घेऊन सांगतो, हिला रोज खेळवा. हा आनंदाचा क्षण आहे आणि खर्चाचाही. बारा वर्षांखालच्या गटात खेळायचं म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेची नोंदणी, प्रवेश शुल्क, प्रवास, सोबत पालकाचा बुडालेला रोज. किती मुलांसाठी किती वर्षं किती करू शकतो, याची मर्यादा आधीच ग्रुपमध्ये ठरवा आणि पालकांना स्पष्ट सांगा. दोन वर्षं निभावून मग हात आखडता घेण्यापेक्षा सुरुवातीला कमी कबूल करणं मुलीसाठी बरं. तिच्यासाठी क्लबच्या चांगल्या बॅचमध्ये एक जागा मिळवून देणं हे कित्येकदा पैशापेक्षा कामाचं ठरतं.

आणि जे मूल मध्येच येणं सोडेल त्याच्या घरी एकदा जाऊन या. बहुतेक वेळा कारण टेनिस नसतं: आईची कामाची वेळ बदललेली असते, धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. धाकट्यालाही घेऊन ये म्हटलं की काही जण परततात.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बाहेरची कोर्टं बंद असतात किंवा भरवशाची नसतात. तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा भिंतीवर मऊ चेंडूचा सराव ठेवा म्हणजे सवय तुटत नाही. पुढच्या हंगामाचं पत्र मात्र क्लबला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच द्या. दसऱ्यानंतर सगळ्या बॅच सुरू होतात आणि दुपारची वेळही मग हातातून जाते. पत्राबरोबर गेल्या वर्षीची हजेरी आणि भाड्याच्या पावत्या जोडा.